प्राचीन स्थळांची नवी नामावली : युसेबिअसपासून प्लिआडीजपर्यंत

संत लूककृत शुभवर्तमानाच्या २४ व्या अध्यायातील अम्माऊसची वाट आपल्यापैकी प्रत्येकाने पुनरुत्थानकाळात एकदा तरी विवरून सांगितली असेल. ते गाव यरुशलेमपासून साठ स्टेडिया, म्हणजे सुमारे ११ किलोमीटर दूर होते, असे बहुतेक हस्तलिखिते सांगतात. चौथ्या शतकातील सिनाई हस्तलिखितात मात्र त्याच जागी एकशे साठ हा आकडा आहे, आणि अंतर एकदम ३० किलोमीटरांच्या घरात जाते. या दोन आकड्यांमागे निरनिराळी गावे उभी आहेत. एकशे साठ स्टेडियांचा हिशेब इमवास या गावाशी जुळतो. यहूदा मक्काबीने जेथे विजय मिळविला ते अम्माऊस हेच. तिसऱ्या शतकात त्याला नगराचा दर्जा व निकोपोलिस हे नाव मिळाले. क्लयपाचे गाव तेच, असे युसेबिअस आणि संत जेरोम या दोघांनीही लिहून ठेवले आहे. परंतु दिवस कलल्यावर जेवावयास बसलेले शिष्य त्याच रात्री ३० किलोमीटर परत चालून गेले, हे पुष्कळांना पटले नाही. म्हणून साठ स्टेडियांच्या हिशेबात बसणारी अबू घोष आणि एल-कुबेबे ही गावे मध्ययुगात पुढे आली. चौथा दावेदार योसेफस या यहुदी इतिहासकाराकडून येतो. व्हेस्पेशियनने आठशे निवृत्त सैनिक जेथे वसविले ते अम्माऊस यरुशलेमपासून तीस स्टेडियांवर होते, असे तो म्हणतो. त्याची जागा आजच्या मोत्झाजवळ, जुन्या कालोनिया गावी दाखवितात. इमवास हे गाव तर १९६७ च्या युद्धात पाडण्यातच आले.

आता धर्मशिक्षणाच्या वर्गात भिंतीवर टांगलेला नकाशा डोळ्यांपुढे आणावा. त्यावर अम्माऊसचे टिंब एकच असते. नकाशा काढणाऱ्याने चारांपैकी एक गाव निवडले, का निवडले, उरलेली तीन का सोडली, हे टिंब सांगत नाही. विद्यार्थी ते टिंब शुभवर्तमानाचाच भाग समजून घरी जातो. प्राचीन स्थळांची माहिती संगणकावर कशी मांडावी, याचा गेल्या वीस वर्षांत जो विचार झाला आहे, तो मुख्यतः या टिंबाच्या अडचणीतून निघालेला आहे. विषय संगणकशास्त्राचा दिसतो म्हणून आपल्या वाचकांनी तो बाजूला ठेवू नये, कारण त्याची मुळे मंडळीच्या इतिहासात, कैसरियाच्या बिशपांच्या लेखनकक्षात आहेत.

कैसरियाचे बिशप युसेबिअस यांनी चौथ्या शतकाच्या पूर्वार्धात ‘ओनोमास्टिकॉन’ नावाचा स्थलकोश रचला. पवित्र शास्त्रात आलेल्या स्थळनामांच्या सुमारे एक हजार नोंदी त्यात आहेत. नोंदी ग्रीक वर्णानुक्रमाने लावलेल्या असून प्रत्येक अक्षराखाली पुन्हा शास्त्रातील पुस्तकांचा क्रम पाळला आहे. आधी नाव, मग ते शास्त्रात कोठे व कोणत्या संदर्भात येते, आणि शक्य असेल तेथे आज ते कोठे आहे, असा नोंदीचा साचा आहे. ‘आज’ सांगताना युसेबिअस रोमन रस्त्यांवरील मैलांच्या दगडांचा आधार घेतात: अमुक गाव एलुथेरोपोलिसपासून इतक्या मैलांवर, अमुक एलियाच्या उत्तरेस इतक्या मैलांवर. एलिया म्हणजे रोमनांनी नव्याने वसविलेले यरुशलेम. क्वचित गावात रोमन शिबंदी आहे, रहिवासी यहुदी आहेत किंवा सर्व ख्रिस्ती आहेत, अशीही टीप सापडते. इ. स. ३९० च्या सुमारास संत जेरोमने बेथलेहेमात राहून या ग्रंथाचे लॅटिन भाषांतर केले. काही नोंदी गाळल्या, काही दुरुस्त केल्या, आणि प्रस्तावनेत तसे स्पष्ट सांगितले. पश्चिमेकडील मंडळीला पवित्र भूमीचा भूगोल पुढची हजार वर्षे मुख्यतः या दोघांनी शिकविला.

या कोशातील एक नोंद विशेष पाहण्यासारखी आहे. अनुवादाच्या पुस्तकात आशीर्वादाचा डोंगर गरिज्जीम आणि शापाचा डोंगर एबाल यांचा उल्लेख येतो व तेथेच गिलगालचे नावही येते. त्यावरून युसेबिअस हे दोन्ही डोंगर यरीहोजवळ ठेवतात. शोमरोनी लोक नेआपोलिसजवळचे, म्हणजे आजच्या नाब्लुसजवळचे, डोंगर दाखवितात. पण ते एकमेकांपासून इतके दूर आहेत की एकावरचा आवाज दुसऱ्यावर पोहोचणार नाही, म्हणून शोमरोनी चुकतात, असा त्यांचा युक्तिवाद आहे. आजचे अभ्यासक या वादात शोमरोन्यांच्या बाजूचे आहेत. मौज पुढेच आहे. यार्देनच्या पूर्वेस मादबा या गावी सहाव्या शतकातील एका चर्चच्या फरशीवर रंगीत खड्यांनी पवित्र भूमीचा नकाशा जडविलेला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे नवे चर्च बांधताना तो उजेडात आला. नकाशा रचणाऱ्याने युसेबिअसचा भरपूर आधार घेतलेला दिसतो. तरीही गरिज्जीम आणि एबाल ही नावे त्याने दोनदा लिहिली आहेत: एकदा यरीहोजवळ आणि एकदा नेआपोलिसजवळ. त्याने बिशपांचे मतही पुसले नाही आणि त्या प्रदेशातील लोकांची परंपराही पुसली नाही. त्या अनामिक कारागिराविषयी प्रस्तुत लेखकाच्या मनात मोठा आदर आहे.

छापील नकाशांच्या काळात ही सोय आक्रसत गेली. ग्रीक व रोमन जगाचा आजवरचा सर्वांत प्रमाणभूत नकाशासंग्रह, बॅरिंग्टन ॲटलस, रिचर्ड टॅलबर्ट यांच्या संपादकत्वाखाली बारा वर्षांच्या परिश्रमानंतर २००० साली प्रिन्स्टन येथून प्रसिद्ध झाला. ब्रिटनपासून भारतापर्यंतचा प्रदेश त्यात आहे. संशयास्पद स्थळांपुढे प्रश्नचिन्हे आहेत, जागा न सापडलेल्या नावांच्या याद्या सोबतच्या सूचीग्रंथात दिल्या आहेत. पण छापलेला नकाशा छापला की थांबतो. उत्खननात पुढच्या वर्षी काही सापडले तर दुरुस्ती करायची कोठे? त्या ॲटलसची सामग्री पायाशी घेऊन २००६ साली उत्तर कॅरोलायना विद्यापीठाच्या प्राचीन नकाशा केंद्रात संगणकावरील एका खुल्या स्थलकोशाचे काम सुरू झाले आणि पुढे न्यूयॉर्क विद्यापीठाची प्राचीन जगाच्या अभ्यासाची संस्था त्यात सहभागी झाली. त्याचे नाव प्लिआडीज. ग्रीक भाषेत हे कृत्तिका नक्षत्राचे नाव. ईयोबाच्या पुस्तकाच्या वाचकांस ते अपरिचित नाही. टॉम एलियट हे त्याचे प्रमुख संपादक. आज या कोशात ४०,००० हून अधिक स्थळांच्या नोंदी आहेत आणि कोणीही अभ्यासक त्यात भर किंवा दुरुस्ती सुचवू शकतो. संपादकांनी तपासल्यावर ती प्रसिद्ध होते.

या कोशाचा खरा विशेष नोंदीच्या रचनेत आहे. सामान्य कोशात नाव म्हणजेच स्थळ आणि स्थळ म्हणजेच नकाशावरील बिंदू. प्लिआडीजच्या रचनाकारांनी या तीन वस्तू सोडविल्या. स्थळ ही त्यांच्या मते मनुष्यांच्या अनुभवातून व उल्लेखांतून उभी राहिलेली कल्पना होय. ती केवळ एका ग्रंथातच असली तरी चालते. या स्थळाला नावे जोडायची, कितीही. प्रत्येक नावापुढे त्याची भाषा, ते कोणत्या काळात चालू होते आणि कोणत्या ग्रंथात वा शिलालेखात सापडते, हे लिहायचे. त्याच स्थळाला जागाही जोडायच्या. एक, अनेक किंवा एकही नाही. जागेपुढे अक्षांश-रेखांश, काळ आणि आधार. शिवाय प्रत्येक जोडणीवर विश्वासाचे माप ठेवायचे: निश्चित, कमी निश्चित, अनिश्चित. लूकने सांगितलेले अम्माऊस अशा रीतीने आपल्या जागी उभे राहते. त्याला भूमीवर पाय ठेवण्याची सक्ती नाही. निकोपोलिस हे निराळे स्थळ, कालोनियाजवळचे अम्माऊस निराळे. ‘लूकचे अम्माऊस म्हणजेच निकोपोलिस’ हे युसेबिअसचे मत होय, आणि ते त्यांच्या नावाने, कमीअधिक विश्वासाच्या शिक्क्यासह, दोन नोंदींमधील एक धागा म्हणून नोंदवता येते. मादबाच्या कारागिराने खड्यांनी जे केले त्याचीच ही पुढची पायरी आहे, आणि येथे प्रत्येक मताखाली सहीही आहे.

दुसरा विशेष जोडणीचा. जागतिक माहितीजालाचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी २००६ साली ‘लिंक्ड डेटा’ची, म्हणजे परस्परांशी जोडलेल्या माहितीची, काही सूत्रे मांडली. थोडक्यात सांगायचे तर प्रत्येक वस्तूला जालावरील एक कायमचा पत्ता द्यावा, त्या पत्त्यावर गेले असता उपयुक्त माहिती मिळावी, आणि त्या माहितीत इतर वस्तूंच्या पत्त्यांचे निर्देश असावेत. प्लिआडीजमध्ये रोमचा क्रमांक ४२३०२५ आहे. आता नाण्यांचा संग्रह असो, शिलालेखांचा असो वा पपायरसांचा. त्यातील नोंदीने ‘रोम’ असे अक्षरांत लिहिण्याऐवजी या क्रमांकाच्या पत्त्याकडे बोट दाखविले की ते निरनिराळे संग्रह त्या एका बिंदूपाशी एकत्र येतात. लॅटिन ग्रंथातील रोमा, ग्रीक ग्रंथातील रोमे आणि मराठी लेखातील रोम यांचा शोध एकदमच लागतो. २०११ साली एल्टन बार्कर, लीफ आयझॅक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेलागिओस या नावाने असे संग्रह जोडण्याचा उपक्रम सुरू केला. त्यांनी सहभागी संस्थांवर अट अगदी लहान घातली: तुमची मांडणी, भाषा व मते तुमची ठेवा, मात्र स्थळाचा उल्लेख आला की सर्वांनी एकाच सामाईक पत्त्याकडे निर्देश करा. पूर्वी अशा कामात सर्वांच्या नोंदींचा साचा एक करण्याचा आग्रह धरला जाई आणि काम तेथेच अडे.

नावाऐवजी क्रमांकावर एवढा भर कशासाठी, असे कोणी विचारील. गोव्यातील वाचकांना याचे उत्तर घरातच सापडेल. मडगावभोवतीचा तालुका साष्टी, आणि मुंबई-ठाण्याचे बेटही साष्टी. दोन्ही नावांची व्युत्पत्ती सासष्ट गावांवरून सांगतात, दोन्ही प्रदेश पोर्तुगीज अमलाखाली होते, आणि पोर्तुगीज कागदपत्रांत दोन्ही ‘साल्सेत’. १५८३ साली कुंकळ्ळी येथे मारले गेलेले फादर रुडोल्फ आक्वाविवा व त्यांचे सहकारी ‘साल्सेतचे हुतात्मे’ म्हणून प्रसिद्ध आहेत; कुंकळ्ळी हे नाव ज्याला ठाऊक नाही, असा दूरचा अभ्यासक त्यांना ठाण्याच्या बेटावर शोधू लागला तर दोष त्याला कसा द्यावा? उलट बाजूने, बेळगाव आणि २०१४ पासूनचे अधिकृत बेळगावी, बडोदा आणि वडोदरा, ही एकाच स्थळाची निरनिराळी नावे आहेत. आपल्या बाप्तिस्म्याच्या नोंदवह्यांतून असे किती रकाने भरलेले आहेत! वहीतील मूळ अक्षर जसेच्या तसे ठेवून शेजारच्या रकान्यात स्थळाचा एक ठरलेला क्रमांक लिहिणे, एवढेच या पद्धतीचे सार आहे आणि त्यासाठी संगणक असलाच पाहिजे असेही नाही.

हे सारे आपल्या मंडळीच्या इतिहासाला जेथे येऊन भिडते, ते स्थळ कल्याण होय. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक नाविक-मार्गदर्शिकेत भडोचच्या दक्षिणेस सोपारा आणि त्यानंतर कल्लिएना ही बंदरे येतात. थोरल्या सारगनुसाच्या काळी कल्लिएना हे रीतसर व्यापाराचे ठाणे होते, पुढे संदनेसच्या हाती गेल्यावर तेथील व्यापार अडविला गेला आणि चुकून आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्याखाली भडोचला नेली जात, असा मजकूर त्यात आहे. सातवाहन व क्षत्रप यांच्या संघर्षाचा तो पडसाद समजतात. सहाव्या शतकाच्या मध्यास कॉस्मस या अलेक्झांड्रियाच्या व्यापाऱ्याने आपल्या ‘ख्रिस्ती भूवर्णना’त लिहिले की सिंहलात ख्रिस्ती मंडळी आहे, मिरी पिकणाऱ्या माले देशात आहे, आणि कल्लियाना येथे बिशपही असून त्यांची नेमणूक इराणातून होते. याच ग्रंथात पुढे बंदरांची यादी येते: सिंधू, ओऱ्होथा, कल्लियाना, सिबोर आणि मग मालेची पाच बंदरे.

कॉस्मसचे कल्लियाना म्हणजे उल्हास नदीकाठचे आपले कल्याण काय? बंदरांची यादी उत्तरेकडून दक्षिणेकडे येते आणि सिबोर म्हणजे चौल असे पुष्कळ अभ्यासक मानतात; त्या क्रमात कल्याण नेमके बसते. परंतु बिशपांचा उल्लेख मालेच्या पाठोपाठ येतो, म्हणून कोणी उडुपीजवळचे कल्याणपूर सुचविले तर कोणी कोल्लम. बीदरकडील बसवकल्याण समुद्रापासून इतके दूर आहे की त्याचा येथे विचार करण्याचे कारण नाही. तरी नावाच्या मोहाने काय घडू शकते याची आठवण म्हणून त्याचा उल्लेख केला. प्रस्तुत लेखकास बंदरांच्या क्रमाचा पुरावा भारी वाटतो. तथापि ‘निश्चित’ हा शिक्का तो मारणार नाही. ‘कमी निश्चित’ हाच येथे योग्य.

गुंतागुंत येथून पुढे आहे. पान्तेनस नावाचे अलेक्झांड्रियाचे आचार्य ‘इंडिया’त गेले असता तेथील लोकांजवळ संत बर्थलमयने ठेवलेले मत्तयाचे शुभवर्तमान त्यांना मिळाले, असे युसेबिअसच्या ‘मंडळीच्या इतिहासा’त आहे. संत जेरोमच्या एका ग्रंथाच्या ग्रीक रूपांतराला जोडलेल्या प्रेषितवृत्तांत ‘सुखी’ म्हटल्या जाणाऱ्या भारतीयांना बर्थलमयने उपदेश केला, असे वाक्य येते. सुखी म्हणजे कल्याण, हा धागा पकडून येशूसंघीय पेरुमालिल यांनी १९५२ मध्ये आणि गोमंतकीय इतिहासकार जॉर्ज मोरायस यांनी १९६४ मध्ये बर्थलमयचे कार्यक्षेत्र कल्याणच्या परिसरात, कोकण किनाऱ्यावर ठेवले. दोघेही व्यासंगी, त्यांचा युक्तिवाद उडवून लावण्याजोगा नाही. परंतु ‘सुखी’ हे विशेषण ग्रीक भूगोलात दक्षिण अरबस्तानाचेही आहे. खुद्द पेरिप्लसमध्ये एडनच्या बंदराला तेच नाव दिलेले आहे. आणि ‘इंडिया’ हा शब्द त्या काळी किती सैल होता, हे रुफिनसच्या लेखनात दिसते. फ्रुमेंतिअसने शुभवर्तमान नेलेल्या इथिओपियालाच तो ‘पलीकडील इंडिया’ म्हणतो.

तरीही प्रवचनांतून आणि स्मरणिकांतून काय सांगितले जाते? प्रेषित बर्थलमय कल्याणला आले, त्यांच्या मंडळीला सहाव्या शतकात बिशप होते, आणि ते कल्याण म्हणजे आपले रेल्वेचे जंक्शन. चार निरनिराळे उल्लेख ‘तेच’ या एका शब्दाने शिवले जातात. संगणकाच्या मांडणीत हाच धोका शतपटीने वाढतो, कारण यंत्राला ‘क म्हणजे तेच ख’ आणि ‘ख म्हणजे तेच ग’ असे सांगितले की ते क्षणात ‘क म्हणजे तेच ग’ असा निष्कर्ष काढते आणि हजारो नोंदींत पसरविते. म्हणून स्थलकोश जोडणाऱ्यांनी ‘अगदी तेच’ आणि ‘जवळपास तेच’ असे दोन निराळे धागे ठेवले आहेत. त्या पद्धतीने कल्याणची नोंद मांडली तर पेरिप्लसचे कल्लिएना आणि आजचे शहर यांतील धागा निश्चित ठरेल. कॉस्मसचा कमी निश्चित. ‘सुखी’ भारतीयांचा अनिश्चित, पेरुमालिल व मोरायस यांच्या नावे. आणि पान्तेनसच्या इंडियाला जागा न देता तिचे स्थळ मोकळे ठेवावे लागेल. बर्थलमयाची परंपरा यामुळे खोटी ठरत नाही. ती कोणत्या धाग्याने लटकली आहे, तेवढे दिसू लागते. दीक्षार्थ्याने उद्या हा प्रश्न विचारला तर धर्मशिक्षकाला उत्तर देता आले पाहिजे, आणि तो विचारणारच. त्याच्या हातात आता सारे ग्रंथालय आहे.

या कोशांची एक उणीव सांगितली पाहिजे. त्यांचा पाया ग्रीक-लॅटिन ग्रंथांचा असल्यामुळे भारत त्यांच्या अगदी काठावर येतो. आपले कल्याण परक्या नाविकांनी लिहिलेल्या रूपांतच प्रथम भेटते. वस्तुतः कान्हेरीच्या लेण्यांतील ब्राह्मी शिलालेखांत कल्याणचे रहिवासी दाते म्हणून स्वतःच्या भाषेत आपले गाव सांगतात. तो पुरावा कल्लिएनाच्या नोंदीला जोडण्याचे काम येथल्या अभ्यासकांखेरीज कोण करणार? सिरियाक परंपरेसाठी असे काम झाले आहे. थॉमस कार्लसन व डेव्हिड मिकेल्सन यांच्या संपादनाखाली २०१४ मध्ये सिरियाक स्थलकोश जालावर आला आणि एदेसासारख्या नगरांची सिरियाक, अरबी व ग्रीक नावे एकाच पत्त्यावर मिळू लागली.

पूर्वेकडील मंडळीच्या कागदांतच कल्याणच्या प्रश्नाचा आणखी एक दुवा आहे. सातव्या शतकात कॅथोलिकोस ईशोयाब तिसरे यांनी इराणातील रेव-अर्दशीरच्या महाधर्माध्यक्षांना रागाने एक पत्र लिहिले. तुमच्या बंडखोरीमुळे भारतातील लोकांना बिशप मिळेनासे झाले, अशी त्यात तक्रार आहे. कॉस्मसने सांगितलेली ‘इराणातून नेमणूक’ प्रत्यक्षात कशी चालत असे, ते यावरून उमगते. इराणच्या किनाऱ्यापासून ‘क्लह’ पर्यंतचा बाराशे परसंगांचा भारत, असे शब्द त्या पत्रात आहेत. सिरियाक लिपीत स्वर नसल्यामुळे ही तीन व्यंजनेच हाती उरतात. कोणी ती कोल्लम वाचली, कोणी मलाया द्वीपकल्पातील कलह बंदर, आणि कोणी कॉस्मसचे कल्लियाना. बाराशे परसंग हे अंतर मात्र आपल्या कल्याणच्या फार पलीकडे जाते.